खोलीत बेस कमी वाटतो आणि गाडीत तोच घुमतो, मिक्स कसं सुधारू?

तुम्ही खोलीची मापं आणि ट्रॅकची पट्टी दोन्ही लिहिलीत ते फार बरं केलंत, कारण उत्तर तिथेच आहे. म्हापशातला फ्लॅट, बारा बाय दहा फुटांची खोली, टेबल मधोमध, ट्रॅक १४५ बीपीएमचा (मिनिटाला १४५ ठोके) सायट्रान्स, म्हणजे वेगवान इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीत, बेस एफ शार्प या सुरावर. काम रात्रीच होतं. खोलीत बेस लागत नाही म्हणून तुम्ही वाढवता, मग गाडीत तो घुमतो आणि हणजूणच्या मित्राकडच्या मोठ्या सेटवर किकच (ड्रमचा खालचा ठोका) सापडत नाही. ही दोन वेगळी दुखणी आहेत, एक खोलीचं आणि एक ट्रॅकचं. नवीन प्लगइन कशालाच लागणार नाही.

आधी खोली बघू. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. बारा फूट म्हणजे ३.६६ मीटर. ३४३ ला याच्या दुपटीने भागा, ४७ हर्ट्झ येतात. समोरासमोरच्या भिंतींमध्ये नेमका हा सूर अडकून बसतो. भिंतीपाशी तो फुगतो आणि खोलीच्या मध्यावर जवळजवळ नाहीसा होतो. तुमचा एफ शार्प आहे ४६.२५ हर्ट्झचा आणि तुमची खुर्ची मध्यावर. म्हणजे जो सूर तुम्हाला तोलायचा आहे तो जिथे ऐकूच येत नाही, तिथे बसून तुम्ही तो तोलताय.

खात्री करून घ्या. सिंथवर ४७ हर्ट्झची साधी साइन लहर बेताच्या आवाजात चालू ठेवा आणि खोलीत हळूहळू फिरा. मागच्या भिंतीला टेकलात की सूर अंगावर येईल, खुर्चीकडे याल तसा तो विरत जाईल. वूफरचा पडदा हलताना डोळ्यांना दिसतो आणि कानाला मात्र जेमतेम काहीतरी लागतं. हे एकदा स्वतः अनुभवलं की बेसचा फेडर वर सरकवताना हात आपोआप थांबतो.

टेबल दहा फुटी भिंतीकडे न्या आणि डोकं त्या भिंतीपासून साडेचार फुटांवर येईल असं बसा. डावी-उजवी भिंत सारख्या अंतरावर हवी. अंड्यांचे ट्रे आणि इंचभर जाडीचा फोम यांनी खालच्या सुरांना काहीही होत नाही, फक्त वरचा आवाज मरतो आणि मिक्स आणखी गढूळ वाटायला लागतं. कोपऱ्यांत चार ते सहा इंच जाड रॉकवूलचे (दगडी तंतूंच्या लोकरीचे) पॅनल लावा, कापडात नीट गुंडाळून आणि भिंतीपासून थोडे सोडून. मागे हवेची जागा राहिली की खालचे सूर जास्त शोषले जातात, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात पॅनलला बुरशीही लवकर धरत नाही. फोंड्याकडच्या माझ्या जुन्या कौलारू घरात हा त्रास कमी आहे, कारण खालचा आवाज कौलांतून बाहेर निघून जातो. फ्लॅटच्या स्लॅबमधून आणि जड भिंतींमधून तो जात नाही, परत येतो. तोवर बेसचे निर्णय चांगल्या हेडफोनवर घ्या, तिथे खोली आड येत नाही.

रात्रीच्या कामाबद्दल एवढंच, की हळू आवाजात कानाला खालचे सूर कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन या अमेरिकन संशोधकांनी १९३३ मध्येच हे मोजून दाखवलं होतं. शेजारी झोपलेत म्हणून हळू ऐकत बेस ठरवलात, तर तो जास्तच ठरणार.

आता ट्रॅक. इथे माझं मत ठाम आहे: किक आणि बेस आधी वेळेत वेगळे करा, ईक्यू (ठरावीक सूर कमी-जास्त करणं) नंतर. १४५ बीपीएमला एक ठोका सुमारे ४१४ मिलिसेकंदांचा आणि त्याचा चौथा भाग १०३ मिलिसेकंदांचा. किकनंतर बेसच्या तीन नोटा, ही आपली नेहमीची चाल. म्हणजे किकची शेपूट १०३ मिलिसेकंदांच्या आत संपलीच पाहिजे. तुमची किक बहुतेक दोनशेपर्यंत रेंगाळत असेल. किक ऑडिओ म्हणून बाहेर काढा, लहर मोठी करून बघा आणि शंभरच्या आसपास फेड द्या. बेसची प्रत्येक नोटसुद्धा पुढची सुरू व्हायच्या आधी शांत व्हायला हवी. रिलीज (नोट सोडल्यावर उरणारी शेपूट) कमी करा, फिल्टरचा एन्व्हलप (फिल्टर उघडून मिटण्याचा वेळ) आखूड ठेवा.

नंतर बेसचा ट्रॅक ऑडिओ करून तिन्ही नोटांची सुरुवात शेजारी शेजारी ठेवून पाहा. प्रत्येकीचा आकार वेगळा दिसला तर ऑसिलेटर (सिंथमधला मूळ लहर तयार करणारा भाग) दर वेळी निराळ्या फेजवरून, म्हणजे लहरीच्या निराळ्या जागेवरून, सुरू होतोय. सीरम या सॉफ्टवेअर सिंथमध्ये रँड नावाची खुंटी शून्यावर आणली की हे थांबतं. बेस एकदा जोरात, एकदा पोकळ का वाजतो याचं कारण पुष्कळदा एवढंच असतं, आणि लोक मात्र कॉम्प्रेसरवर कॉम्प्रेसर चढवत बसतात.

हे झाल्यावर साइडचेन (किक वाजताना बेस आपोआप खाली नेणं) अगदी थोडी पुरते. १२० हर्ट्झच्या खालचं सगळं मोनो (दोन्ही स्पीकरांत सारखं) ठेवा, मास्टरवरचा लिमिटर (शिखरं दाबणारा) काढा आणि सगळं वाजताना शिखर उणे ६ डीबीच्या आसपास राहू द्या. गाडीच्या स्पीकरवर बेस नुसताच घुमतो, स्वर कळत नाही, याला थोडं सॅच्युरेशन (आवाजाची हलकी विकृती) हवं. त्याने वरचे हार्मोनिक (मूळ सुराच्या पटीतले सूर) तयार होतात आणि त्यांवरून कान मूळ सूर ओळखतो. मग खालचा भाग फुगवावा लागत नाही.

गढूळपणा मात्र बेसचा नसून बाकीच्यांचा असतो. पॅड (लांब ताणलेले सूर), रिव्हर्ब (घुमारा), डिले (प्रतिध्वनी) या सगळ्यांना १५० हर्ट्झच्या खाली कापा आणि २०० ते ४०० मध्ये कोण कोण गर्दी करतंय ते एकेकाला बंद करून ऐका. टीबी-३०३ या जुन्या बेस सिंथच्या धाटणीची ॲसिड लाइनसुद्धा बिनधास्त कापा, तिची सगळी गंमत वरच्या रेझोनन्समध्ये आहे.

आणि हे सगळं आखूड, कोरडं ठेवायला आपल्याकडे आणखी एक कारण आहे. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाऊडस्पीकर लावायला २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी एरवी मनाई आहे, त्यामुळे उशिराचं संगीत बंद हॉलमध्ये वाजतं. तिथे खालचा आवाज आधीच रेंगाळतो. तुमच्या नोटा लांब असतील तर हॉल त्या आणखी लांबवतो.

शेवटी तुम्ही विचारलेलं घुमट, आपलं मातीचं चामडं ताणलेलं वाद्य. चवथीच्या आरतीचं रेकॉर्डिंग ट्रॅकमध्ये घ्यायची कल्पना मला मनापासून आवडली, ते जरूर करा. पण घुमटाचा तो खोल हुंकार किकच्या अंगावर येतो. दोन्ही पूर्ण ठेवायचा हट्ट केलात तर दोन्ही जातील. ब्रेकमध्ये किक थांबलेली असताना घुमट पूर्ण वाजू द्या, अजिबात न कापता. किक परत आली की त्याच घुमटाला हाय-पास (खालचे सूर कापणारा फिल्टर) लावा आणि चामड्यावरची बोटांची थाप तेवढी ठेवा. लय तीच राहते.