कुत्र्याच्या अंगावरची चामखीळ
कुत्र्याच्या मानेवर चामखिळीसारखे काही हाताला लागले, तर प्रथम केस बाजूला सारून तळाशी बारीक पाय दिसतात का, ते पाहावे. रक्त पिऊन फुगलेला गोचीड हुबेहूब चामखिळीसारखा दिसतो. चामखीळच असेल, तर दोरा बांधणे किंवा चुना लावणे कटाक्षाने टाळावे, कारण त्याने जखम चिघळते आणि गोव्याच्या पावसाळी दमट हवेत तिच्यावर माश्या बसून अळ्या पडतात, हे मी जवळून पाहिले आहे. पिल्लांच्या ओठांवरच्या विषाणूजन्य चामखिळी बहुधा १ ते ५ महिन्यांत आपोआप जातात. तोवर पाण्याचे भांडे वेगळे ठेवावे. वयस्क कुत्र्याची नवी गाठ मात्र मोजपट्टीने मोजून, तारखेसह नोंदवून, सुईने पेशी काढून तपासण्यासाठी पशुवैद्यांना दाखवावीच.