पावसात भिजून कोंब आलेल्या ज्वारीची भाकर का फाटते?

परतीच्या पावसात कणसे शेतातच भिजली, दाणे पुढे कडक उन्हात वाळवले, तरी भाकर थापताना फाटते. यात दोष चक्कीचा आहे का, असे आपण विचारले आहे. दोष चक्कीचा नाही. भिजल्यावर दाण्याच्या आत जे घडून गेले, ते वाळवल्याने पूर्ववत होत नाही.

आमच्या दर्यापूर भागात खरिपाच्या ज्वारीवर ही वेळ येते, म्हणून सविस्तर लिहितो. दाण्याचा बहुतांश भाग स्टार्च, म्हणजे ग्लुकोजच्या लांबलचक साखळ्या, आणि हा साठा मुळात कोंबाच्या पोषणासाठी असतो. ओल मिळताच अंकुर जागा होतो आणि अल्फा-अमायलेज हे विकर, म्हणजेच एन्झाइम, तयार होऊ लागते. ते साखळी मधेच कुठेही तोडते, तर बीटा-अमायलेज टोकाकडून दोन-दोन ग्लुकोजचे तुकडे, म्हणजे माल्टोज, काढत जाते. जवाच्या माल्टमधून, म्हणजे कोंब आणून वाळवलेल्या दाण्यांतून, असे विकर पायेन आणि पेर्सो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी 1833 मध्येच वेगळे केले होते.

ज्वारीत गव्हासारखे ग्लुटेन, म्हणजे कणीक ताणून धरणारे प्रथिन, नसते. आधणाच्या पाण्याने पिठातला थोडा स्टार्च फुगून चिकट होतो आणि त्याच चिकटपणावर भाकर टिकते. कोंब आलेल्या दाण्यात साखळ्या आधीच तुटलेल्या असतात. शिवाय उन्हात वाळवल्याने विकर नष्ट होत नाही, फक्त थांबते, आणि गरम पाणी पडताच फुगलेल्या स्टार्चवर तुटून पडते. म्हणूनच परातीतला गोळा मळता मळता सैल पडतो, हाताला चिकटतो, कडा चिरतात आणि चवही किंचित गोडसर लागते. अंकुराजवळ साल फुटलेला दाणा नखाने दाबून पाहा; आतला भाग पिठासारखा भुसभुशीत लागेल.

बुरशीने काळी पडलेली ज्वारी मात्र खाऊ नका, जनावरांनाही घालू नका. नुसता कोंब आलेला स्वच्छ दाणा वापरायचा असेल, तर वाळलेले कोंब व मुळ्या चोळून, पाखडून पूर्ण काढा, कारण कोवळी ज्वारी खाऊन गुरांना बाधा होते ती ज्या धुरिनमुळे, तेच धुरिन, म्हणजे सायनाइडचे विष सोडणारे द्रव्य, कोंबात असते. असे पीठ भाकरीपेक्षा शिजवलेल्या पातळ आंबिलीला बरे.

पुढच्या हंगामात दाण्याच्या बुडाशी काळा ठिपका दिसला की दाणा भरला असे समजावे, आणि आभाळ भरून येत असेल तर शेतात उभ्या ताटावर वाळण्याची वाट न पाहता कणसे कापून छपराखाली पातळ पसरावीत.