वर्षाची ज्वारी भरताना

दादा, पहिल्यांदाच वर्षाची ज्वारी भरताय, तर सगळी भिस्त कडुलिंबाच्या पाल्यावर ठेवू नका. पाला किड्यांना थोडाफार रोखतो. बुरशी येते ती ओलीमुळे. पाला अर्धवट सुकलेला टाकला तर आपणच कोठीत ओल नेऊन ठेवतो. सावलीत कुरकुरीत वाळवा, मगच घाला.

खरं काम उन्हाचं. मळणी झाली की ताडपत्रीवर पातळ पसरा, अधूनमधून हात फिरवत राहा. सोलापूरच्या मार्च-एप्रिलच्या उन्हाला आपण एरवी शिव्या देतो, इथं ते फुकटात कामाला येतं. दाणा दाताखाली कट्टकन फुटला पाहिजे. शंका वाटली तर कोरड्या काचेच्या बरणीत मूठभर ज्वारी नि थोडं कोरडं मीठ घालून जोरात हलवा, दहा-पंधरा मिनिटं ठेवा. मीठ काचेला चिकटलं की समजायचं, अजून ऊन हवं. दाण्यातली ओल १२ टक्क्यांच्या आत आली म्हणजे झालं. तापलेली ज्वारी लगेच भरू नका. छपराखाली निवू द्या, नाहीतर पोत्यात घाम सुटतो.

पोत्यांखाली फळ्या, भिंतीपासून हातभर अंतर. पावसाळ्यात हात घालून बघत जा. कुबट वास आला, दाण्यांचे गोळे झाले, तर तेवढा माल काढून टाका. धुऊन-भाजून खाऊ नका, जनावरांनाही घालू नका. बुरशीचं विष भाजून जात नाही.

कुणी जुनं पेव, म्हणजे धान्य साठवायचा जमिनीतला खड्डा, वापरा म्हणालं तर झाकण काढल्याबरोबर आत उतरू नका. कोंडलेल्या हवेत माणूस गुदमरतो.