मूडलचं काम नव्याने हाती घेतलंय? एका सरांपासून सुरुवात करा

कॉलेजात मूडल, म्हणजे ऑनलाइन कोर्स आणि चाचण्या चालवायची प्रणाली, रुजवायचं काम मिळालं, अभिनंदन! पण पहिल्याच आठवड्यात सगळ्या प्राध्यापकांना सभागृहात बसवून दोन तासांचं प्रशिक्षण घेऊ नका. नव्या समन्वयकांकडून हीच चूक सर्वाधिक होते. सगळे माना डोलावतात आणि दुसऱ्या दिवशी पासवर्डही विसरतात.

त्याऐवजी स्टाफरूममध्ये शेजारी जाऊन बसा. विचारा, "सर, सगळ्यात कंटाळवाणं काम कोणतं?" आमच्याकडे एक ज्येष्ठ सर म्हणाले, अंतर्गत परीक्षेचे ८० पेपर तपासणं. त्यांच्याच १० प्रश्नांची बहुपर्यायी चाचणी आम्ही मूडलवर टाकली. माऊस शेवटपर्यंत त्यांच्याच हातात ठेवला. मुलांनी सबमिट करताच गुण दिसले, तेव्हा सरांनी चष्मा पुसून यादी पुन्हा वरपासून वाचली. पुढची चाचणी त्यांनी स्वतः बनवली.

आणखी दोन गोष्टी:
- सक्तीचं परिपत्रक काढायची घाई नको. त्याने नुसते रिकामे कोर्स तयार होतात.
- विद्यार्थ्यांसमोर अडखळण्याची भीती खरी असते, तिचा मान राखा. पहिल्या तासाला मागच्या बाकावर तुम्ही बसा.

स्वयम या सरकारी ऑनलाइन मंचावरचे कोर्स, त्यांतून ४० टक्क्यांपर्यंत श्रेयांक (क्रेडिट) घेऊ देणारी यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) तरतूद, हे पुढच्या सत्रात बघू. आत्ता दोन प्राध्यापक तयार झाले तरी खूप झालं.