स्पेनहून येणाऱ्या यात्रेकरूंचा अकोमा पुएब्लोच्या लोकांना राग येत नाही का?

राग किती येतो ते अकोमाचे लोकच सांगतील. अकोमा हे अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यातलं, तिथल्या मूळ रहिवाशांचं उंच खडकावरचं गाव. मी न्यू मेक्सिकोत राहते, मूळची वसईची, कॅथलिक. अकोमात पाहिलं ते सांगते.

आमच्या टूरमध्ये स्पेनच्या यात्रेकरूंचा एक गट होता. गाइड अकोमाचीच. सान एस्तेबान देल रे चर्चच्या दारात त्यांच्यातले एक काका भारावून म्हणाले, "आमच्या लोकांनी एवढ्या उंचावर काय बांधून ठेवलंय!" गाइड शांतपणे म्हणाली, "बांधलं आमच्या लोकांनी. पाद्री तुमचा होता." मग तिने एकेक सांगितलं. शंभर मीटरहून उंच खडक, वर माती नाही. १६२९ पासून दहा-बारा वर्षं माती-दगड पाठीवरून वर चढवले. छताच्या तुळया लांबच्या टेलर डोंगरातून आणल्या, वाटेत जमिनीला टेकू द्यायच्या नाहीत असा दंडक. दफनभूमीची मातीसुद्धा खालून आणलेली. आणि याच गावाचा १५९९ मध्ये स्पॅनिशांनी विध्वंस केला होता. पंचविशीपुढच्या पुरुषांचं एक पाऊल तोडायची शिक्षा स्पॅनिश गव्हर्नर ओन्यातेने फर्मावली होती.

काका एक शब्द बोलले नाहीत. त्यांच्यातल्या एक आजी मातीच्या जमिनीवर गुडघे टेकून बसल्या, आणि गाइडने त्यांना घाई केली नाही.

१६८० च्या उठावात पुएब्लोंनी, म्हणजे अकोमासारख्या गावांतल्या मूळ लोकांनी, स्पॅनिशांना हाकललं, पाद्री मारले, चर्चं जाळली. अकोमाचं हे चर्च मात्र टिकलं. २ सप्टेंबरला संत स्टीफनचा सण गाव आजही नाचून साजरा करतं. म्हणून राग असला तरी तो चर्चवर नाही, "आमचं" म्हणणाऱ्या पाहुण्यांवर असावा, असं माझं मत.

आमचे एक नातेवाईक प्रत्येक लग्नात ऐकवतात, "वसईची चर्चं पोर्तुगीजांची, तुमचं त्यात काय?" अहो, चुना कुणी मळला? दगड कुणी वाहिले? १७३९ मध्ये पोर्तुगीज वसई सोडून गेले, त्यानंतर वेदीवर मेणबत्त्या कुणी लावल्या? आमच्याच माणसांनी. ज्यांनी घाम गाळला आणि पुढे सांभाळलं, चर्च त्यांचं. पोर्तुगालच्या माणसाने वसईत यावं, प्रार्थना करावी, पण पाहुणा म्हणून. स्पॅनिशांनी अकोमात तसंच.

अर्थात सगळेच यात्रेकरू त्या काकांसारखे नसतात. जाणार असाल तर गाइडशिवाय वर सोडत नाहीत, फोटोला परवाना लागतो आणि चर्चच्या आत व दफनभूमीत फोटो अजिबात नाही. काही दिवस गाव बाहेरच्यांना बंद असतं, आधी चौकशी करा.