बँकॉकला उतरलीस की आधी होडीत बस

प्रिय पोरी,

तुझा तक्ता उघडून पाहिला. पाच दिवस, तेवीस ठिकाणं, प्रत्येकापुढे मिनिटं, वर रंगसुद्धा. आमच्या बँकेत असतीस तर ऑडिटच्या वेळी तुला डोक्यावर घेतलं असतं. पण बँकॉकसाठी यातलं निम्मं खोडून टाक. संध्याकाळी पाच वाजता टॅक्सीत बसून राजवाड्याकडून सुखुमवित भागात यायला तू पस्तीस मिनिटं धरली आहेस. मी एकदा त्याच वेळी तेवढ्याच अंतराला पावणेदोन तास बसलो होतो. मीटर पळत होता, गाडी नाही.

मी तिथे सात वेळा गेलो. पहिल्या दोन खेपांना मला ते शहर अजिबात कळलं नाही, कारण मी रस्त्यावरून बघत होतो. हे शहर पाण्यावर वसलंय. १७८२ मध्ये पहिल्या रामाने (तिथल्या राजांचं हे नाव) चाओ फ्राया नदीच्या पूर्वेच्या काठावर राजधानी आणली आणि मग कितीतरी वर्षं इथे रस्ते म्हणजे कालवेच होते. बरेचसे पुढे बुजवले. उरलेल्यांपैकी सॅन सॅप कालव्यावर मात्र अजून लोक रोज कामाला जातात. हा कालवा १८३७ साली, तिसऱ्या रामाच्या काळात, कंबोडियाच्या बाजूच्या लढाईला माणसं आणि सामान न्यायला खणायला घेतला. आज त्यातून कारकून, शाळेची पोरं आणि मॉलमध्ये काम करणाऱ्या मुली जातात.

पहिल्याच सकाळी जुन्या शहरातल्या फान फा धक्क्यावर जा आणि या होडीत बस. ती धक्क्याला धड थांबत नाही, नुसती टेकते. चढायला तीन-चार सेकंद मिळतात, तेव्हा चपला घट्ट हव्यात. कंडक्टर आत येत नाही. डोक्यावर हेल्मेट घालून होडीच्या बाहेरच्या कडेवर पाय ठेवत, दोरीला धरून तो चालत येतो आणि तिकीट फाडतो. हेल्मेट का, ते पहिला ठेंगणा पूल आला की कळतं. दोन्ही बाजूंना ताडपत्री असते. तिची दोरी काठाला बसलेल्यांच्या हातात. समोरून दुसरी होडी आली की सगळे न बोलता एकदम दोरी ओढतात आणि ताडपत्री वर येते. तुझ्या हाताशी दोरी आली तर ओढ गं, नाहीतर ते काळं पाणी शेजारच्या बाईच्या इस्त्रीच्या कपड्यांवर. वास येईल. पण काठावरची घरं, वाळत घातलेले कपडे, कुंड्या, पाठमोरी देवळं, हे सगळं तुला इथूनच दिसेल. प्रतूनामला होडी बदलायची असते. सगळे उतरले की तूही उतर.

राजवाडा आणि पन्ना-बुद्धाचं देऊळ मात्र बघायचंच. भिंतीवर सबंध रामायण रंगवलंय, त्यांचं 'रामकियन', १७८ चित्रांत. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. सकाळी दार उघडताना पोच आणि दारापर्यंत जा. हे मुद्दाम लिहितोय. पहिल्या खेपेला मला रस्त्यातच एक सभ्य गृहस्थ भेटले. म्हणाले, "आज पूजा आहे, दुपारपर्यंत बंद." मग स्वस्तातली टुकटुक, एक देऊळ, आणि शेवटी रत्नांचं दुकान. तुझ्या काकूसाठी नीलम आणला. दादरच्या सोनाराने तो भिंगाखाली धरला आणि "डबी छान आहे" एवढंच म्हणाला. राजवाडा त्या दिवशी उघडाच होता. बंद आहे की नाही, हे फक्त दारावरच्या माणसाने सांगायचं.

तिथून चालत वात पो. वात म्हणजे देऊळ. आडवा बुद्ध ४६ मीटर लांब आहे. लोक चेहऱ्याचा फोटो काढतात, तू तळपायांवरचं शिंपल्यांचं जडावकाम बघ. मग समोरच्या धक्क्यावरून चार-पाच बाटच्या तरीने पलीकडे, वात अरुणला. मॉल, गच्चीवरचे बार, बाहुल्यांचं म्युझियम, हे तुझं तूच ठरव, माझं काही म्हणणं नाही.

भाषेला घाबरू नकोस. लिपी कळणार नाही, पण कान उघडे ठेव. विमानतळ सुवर्णभूमी, हे तर तुला दिसेलच. भाषेला 'फासा', जेवणाला 'आहान', म्हणजे आपला आहार. स्टेशन 'सथानी', रविवार 'आथित', म्हणजे आदित्य. टेलिफोनला ते 'थोरसप' म्हणतात. फोड केलीस तर दूर-शब्द! मी हे कळल्यावर हॉटेलात एकटाच हसलो होतो.

तुझी मैत्रीण शाकाहारी आहे म्हणालीस. तिथे 'व्हेज' म्हटल्यावर मांस काढतात, पण माशाचं पाणी, म्हणजे 'नाम प्ला', घालतातच. पपईच्या सॅलडमध्ये सुकी कोलंबी असते. त्याऐवजी 'जे' हा शब्द पाठ कर. पिवळ्या पताकेवर लाल अक्षरं दिसली की तिथे बिनधास्त जेवा. 'जे' जेवणात मांस-मासे नाहीत, अंडं नाही, कांदा-लसूणसुद्धा नाही. 

एक दिवस अयुथयाला द्या. नाव आपल्या अयोध्येवरून. १३५० च्या सुमारास वसलेली राजधानी ब्रह्मी फौजांनी १७६७ मध्ये जाळली, म्हणजे आपल्या पानिपतानंतर सहाच वर्षांनी. तिथल्या पडक्या भिंतींच्या विटा होड्यांत भरून नव्या बँकॉकच्या बांधकामाला नेल्या. गाडीच्या तिसऱ्या वर्गाचं तिकीट दोन वडापावच्या पैशांत येतं. स्टेशनासमोरून तरीने नदी ओलांडा, सायकल भाड्याने घ्या. वात महाथातला झाडाच्या मुळांत अडकलेलं बुद्धाचं मस्तक आहे. फोटो काढताना त्याच्यापेक्षा खाली बसायचं. पहारेकरी उभ्या माणसाला हटकतो, आणि बरोबरच करतो. एप्रिलात जाणार असाल तर अकराच्या आत सायकल परत करा. ते ऊन चंद्रपूरच्या माणसालाही झेपत नाही.

आता रेल्वेवरचा बाजार. तू व्हॅनची टूर लिहिली आहेस. ती काट. बँकॉकच्या वोंगव्यान याय स्टेशनाहून लोकल पकड. तासाभरात महाछाय, म्हणजे महाजय. गाडी थेट मासळीबाजाराच्या गर्दीत संपते. पुढे रूळ नाहीत, नदी आहे. तरीने पलीकडे जायचं, बान लेमला दुसरी गाडी. ती दिवसातून चारच वेळा सुटते, म्हणून आदल्या दिवशी वेळा बघून ठेव. वाटेत मिठागरं लागतात. मला दर वेळी आपलं उरण-पेण आठवतं. शेवटी गाडी मे क्लाँगच्या बाजारात चालण्याच्या वेगाने शिरते. भोंगा वाजला की छत्र्या मिटतात, चाकांवरच्या फळ्या मागे सरकतात. पण बुटक्या टोपल्या कुणी हलवत नाही. मिरच्या, लसूण, वांगी रुळाला खेटून तशीच, आणि डबे त्यांच्यावरून सरकत जातात. टूरवाले बाहेर मोबाइल धरून उभे असतात. तू खिडकीत असशील. हात बाहेर काढू नकोस, म्हणजे झालं.

उरलेलं भराभर. सकाळी आठ आणि संध्याकाळी सहाला स्टेशनात राष्ट्रगीत लागलं की उभी राहा. राजाबद्दल थट्टा नको, फोनवरसुद्धा नको, कायदा कडक आहे. ई-सिगारेट कुणी दिली तरी घेऊ नका, बंदी आहे. विमानात बसण्याआधी सरकारी संकेतस्थळावर डिजिटल आगमनपत्र भरायचं. ते फुकट असतं. पैसे मागणारं पान उघडलं तर बंद कर. व्हिसाचे नियम बदलत राहतात, तिकीट काढण्याआधी पुन्हा बघ.

आणि हो, मे क्लाँगला बांबूच्या छोट्या गोल टोपल्यांत 'प्ला थू' विकायला असतो. आपल्या बांगड्याचा चुलतभाऊ. टोपलीत मावावा म्हणून त्याची मान मोडून खाली वळवलेली असते. काकूला मी हे दहा वेळा सांगितलं, पण त्या नीलमनंतर तिचा माझ्यावर विश्वास नाही. एक नीट फोटो काढून पाठव.

तुझा,
काका