मँचेस्टरच्या हिवाळ्यात रोड बाइकने ऑफिसला जायचंय. सायकलला काय काय करून घ्यावं?

कार्बन फ्रेम, रिम ब्रेक (चाकाच्या कडेला, म्हणजे रिमला, दाबणारे), २५ मिमीचे टायर, आणि 'पुण्यात पावसाळ्यात चालवलीय, त्यामुळे भिजायची सवय आहे', असं तुम्ही लिहिलंय. तुम्हाला सवय असेल, सायकलीला नाही. पुण्यात अंगावर उडतं ते चिखलपाणी. इथे रस्ता गोठू नये म्हणून कौन्सिलच्या गाड्या रात्री त्यावर खडेमीठ टाकत फिरतात. ते विरघळून चाकावरून उडतं आणि जिथे दोन वेगळे धातू, किंवा धातू आणि कार्बन, एकमेकांना टेकलेत तिथे आधी खायला लागतं. सगळी तयारी त्या मिठासाठी करायची.

म्हणून पहिला खर्च मडगार्डचा, तेही पूर्ण लांबीचे. आमच्या ग्रुपात एक गृहस्थ आहेत. 'रोड बाइकला मडगार्ड लावला की दूधवाल्याची सायकल दिसते,' हे त्यांचं म्हणणं दर नोव्हेंबरला ऐकावं लागतं. त्यांची मडगार्ड नसलेली सायकल हिवाळा संपल्यावर उघडली, तेव्हा काय निघालं ते सांगतो. पुढच्या चाकाचं पाणी थेट बॉटम ब्रॅकेटवर, म्हणजे पेडलांचा आस फ्रेममध्ये फिरतो तिथे, येतं. तिथलं बेअरिंग बोटाने फिरवलं तर आत वाळू दळल्यासारखं लागत होतं, आणि सील उचकटल्यावर लाल पाणी आलं. मागच्या चाकाचं पाणी सीटपोस्टच्या (सीटखालच्या दांड्याच्या) क्लॅम्पवर बसतं आणि फटीतून सीट ट्यूबमध्ये, म्हणजे तो दांडा जिच्यात बसतो त्या फ्रेमच्या नळीत, उतरतं. फ्रेम कार्बनची, पोस्ट अॅल्युमिनियमचा. या दोघांच्या मधे खारं पाणी शिरलं की अॅल्युमिनियमवर पांढरी भुकटी धरते. ती मूळ धातूपेक्षा जास्त जागा व्यापते, त्यामुळे पोस्ट आतल्या आत आवळला जातो. पिळून निघाला नाही. जास्त जोर लावायचीही सोय नव्हती, कारण कार्बनची नळी पिळली तर फ्रेमच जाते. शेवटी पोस्ट वरून कापला, आत हॅकसॉचं पातं घालून उभी चीर पाडली आणि मग आत चेपून बाहेर काढला. अख्खी दुपार गेली. चाळीस-पन्नास पाउंडांचे मडगार्ड वाचवले होते म्हणे!

तुम्ही महिन्यातून एकदा पोस्ट बाहेर काढा. त्याआधी उंचीच्या खुणेला टेप गुंडाळा. पोस्ट आणि नळीचं तोंड पुसा, आणि कार्बन फ्रेम आहे म्हणून ग्रीसऐवजी कार्बन असेंब्ली पेस्ट लावा. ग्रीसवर पोस्ट घसरतो. पेडलच्या आट्यांना मात्र ग्रीसच. डावं पेडल उलट्या आट्यांचं असतं, माहीत असेलच. बॉटम ब्रॅकेटखाली पाणी निघायचं भोक असेल तर ते बुजलेलं नाही ना, तेही बघा.

मडगार्ड विकत घेण्याआधी ब्रेक मोजा. बहुतेक रोड बाइकचे कॅलिपर (ब्रेकचे चिमटे) ३९ ते ४९ मिमी ड्रॉपचे असतात; ड्रॉप म्हणजे ब्रेकच्या बोल्टपासून पॅडपर्यंतचं अंतर. त्यात २५चा टायर आणि मडगार्ड कसाबसा बसतो, २८ सहसा नाही. टायर आणि मडगार्ड यांच्यात चारही बाजूंनी किमान ४-५ मिमी मोकळं हवं, नाहीतर अडकलेला खडा चाक धरतो. फ्रेमला मडगार्डची भोकं नसतील तर क्लिपवाले लावा. ते ब्रेकखाली सलग नसतात, तिथून थोडं पाणी येणारच. पुढच्या मडगार्डला खाली पट्टी जोडा: दुधाच्या प्लास्टिक कॅनचा तुकडा, दोन झिप टाय, जमिनीपासून चार बोटं वर. पाय आणि चेन दोन्ही त्यानेच कोरडी राहतात. मागची पट्टी मागून येणाऱ्यासाठी, ज्याच्या तोंडावर आमचे गृहस्थ पाच महिने कारंजं सोडतात.

ब्रेक: ओल्या रिमवर पॅडमध्ये वाळू आणि अॅल्युमिनियमचे कण रुततात, आणि तेच मग रिम कानशीसारखे घासतात. दर आठवड्याला चाक काढून पॅड बघा, चमकणारे कण टोच्याने उपसून काढा. रिमच्या बाजूला स्टीलची पट्टी उभी टेकवा. मधे उजेड दिसला तर भिंत आत झिजली आहे. जास्तच झिजली तर टायरमधल्या हवेच्या दाबाने ती फुटते, तीही बहुधा ब्रेक मारताना. म्हणून हिवाळ्याला स्वस्तातली चाकं लावावीत.

टायर हिवाळी, म्हणजे फोर सीझन जातीचे. पंचाहत्तर किलो वजनाला २५वर हवेचा दाब मागे साधारण ८५, पुढे ७८ पीएसआय. टणक फुगवू नका. सप्टेंबरपासून शेतांच्या कडेची कुंपणं छाटतात, त्याचे काटे रस्त्यावर येतात. दोन ट्यूब आणि हातपंप ठेवा.

चेनला वेट ल्यूब (ओल्या रस्त्यासाठीचं तेल): प्रत्येक रोलरवर एक थेंब, दहा मिनिटं थांबून बाहेरचं सगळं पुसायचं. बाहेर राहिलेल्या तेलावर वाळू बसते. डब्ल्यूडी-४० (फवाऱ्याचं तेल) पाणी हटवायला ठीक, पण ते मारलं की पुसून ल्यूब परत लावावंच लागतं. घरी आलात की बादलीभर पाण्याने मीठ उतरवा. प्रेशर वॉशर नको, तो बेअरिंगमध्ये पाणी घुसवतो. ११ स्पीडची चेन ०.५ टक्के ताणली की बदला, नाहीतर कॅसेटही (मागच्या चाकाची दातेरी चक्रं) जाते.

लाइटबद्दल विचारलंय. पुढे पांढरा, मागे लाल, शिवाय मागे लाल रिफ्लेक्टर. अंधारात हे कायद्यानेच लागतं. डिसेंबरमध्ये चारच्या आधी सूर्य मावळतो. मागे दोन लाइट लावा, थंडीत बॅटरी दगा देते.

आणि हो, हे सगळं ओल्या रस्त्यासाठी झालं, बर्फासाठी नाही. खिळ्यांचे टायर बहुतेक ३५ मिमीच्या आसपासचे असतात, तुमच्या फ्रेममध्ये जाणार नाहीत. रात्री पारा शून्याखाली गेला असेल तर सकाळी सायकल काढू नका, ट्रामने जा. घडी न होणारी सायकल ट्राममध्ये घेतील असं धरून चालू नका, तेव्हा बेत घरूनच ठरवून निघा.